गाडी लहान, वजन दीड टन: छोटा हत्ती, ट्रॅक्टर, फोर्कलिफ्ट आणि कामावरचे अपघात

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, सावदा, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीची कटाई सुरू झाली की बांधापासून मेन रोडपर्यंत नुसत्या छोट्या गाड्या फिरत असतात. छोटा हत्ती, पिकअप, लोडिंग रिक्षा, ट्रॅक्टर-ट्रॉली. कापसाच्या दिवसात हेच चित्र जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) गेटवर, मिरचीच्या दिवसात नंदुरबारला, आणि जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत तर बाराही महिने, फक्त तिथे सोबतीला पुढच्या दोन दांड्यांवर (फोर्कवर) माल उचलणारी फोर्कलिफ्ट असते. या गाड्यांवर आणि गाड्यांच्या आजूबाजूला आपलीच माणसं राबतात. कुणाचं बोट जातं, कुणाचा पाय जातो, कुणी जीवानिशी जातं आणि मग गावात एकच वाक्य ऐकू येतं, "नशीब बिचाऱ्याचं." मला हे वाक्य अजिबात पटत नाही. यातले बरेचसे अपघात ज्या कारणांनी होतात ती कारणं साधी आहेत, टाळता येण्यासारखी आहेत, आणि झालाच अपघात तर त्या माणसाला कायद्याने हक्काचे पैसे मिळतात हे घरच्यांना कुणी सांगतच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

अपघात म्हटला की आपल्या डोळ्यासमोर हायवे येतो, स्पीड येतो, दारू प्यायलेला ड्रायव्हर येतो. कामावरचा अपघात तसा नसतो. गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगाने मागे येत असते, किंवा नुसती उभी असते, जागा म्हणजे शेताचा बांध, गोडाऊनचं आवार, मार्केट यार्ड. आणि गाडी लहान असल्यामुळे तिला कुणी मशीन समजतच नाही. जिनिंगमध्ये चालू मशीनजवळ हात न्यायला माणूस दहा वेळा विचार करतो, पण तोच माणूस छोट्या हत्तीच्या मागच्या चाकाला टेकून सावलीत डबा खातो. टाटाने एस ही गाडी २००५ मध्ये बाजारात आणली, साधारण पाऊण टन माल नेणारी, आणि लोकांनी तिचं नाव छोटा हत्ती ठेवलं. माल भरल्यावर ती दीड टनाच्या घरात जाते, आणि आपल्याकडे भरतात त्या हिशोबाने कधी कधी त्याच्याही वर. एवढं वजन अंगावर यायला वेग लागत नाही. नुसतं टेकलं तरी पुरतं.

रिव्हर्स

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायला हवी असं माझं मत आहे.

संध्याकाळची वेळ आहे, केळीचे घड बांधाजवळ पाल्यावर रचून ठेवलेत, ड्रायव्हरला गाडी घडांपर्यंत मागे लावायची आहे म्हणजे मजुरांची पायपीट वाचेल. एक पोरगा मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे, येऊ दे भो" करतोय आणि एका हाताने फाळक्यावर, म्हणजे गाडीच्या मागच्या झडपेवर, थाप मारतोय. तो उभा आहे कुठे? गाडी आणि घडांच्या मध्ये, बरोबर मधोमध. ड्रायव्हरला दोन्ही आरशात गाडीच्या बाजू दिसतात, फाळक्याच्या मागचं काहीच दिसत नाही, तो फक्त आवाजावर गाडी घेतोय. शेजारच्या शेतात मोटर चालू आहे, गाडीचं इंजिन आहे, मोबाईलवर गाणं आहे. पोराचा पाय पाल्यावरून सटकतो, तो ओरडतो, आणि ते ओरडणं ड्रायव्हरला "येऊ दे" सारखंच ऐकू येतं.

आता हिशोब करू. गाडी ताशी ५ किलोमीटरने मागे येतेय, म्हणजे सेकंदाला जवळपास १.४ मीटर. काहीतरी गडबड आहे हे कळून पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो, तेवढ्यात गाडी दीड मीटर मागे आलेली असते, आणि तो पोरगा फाळक्यापासून हातभर अंतरावर होता. म्हणजे ड्रायव्हर कितीही हुशार असला, कितीही जुना असला तरी त्या जागेवर उभ्या माणसाला तो वाचवू शकत नाही. चूक उभं राहण्याच्या जागेत आहे, ड्रायव्हरच्या ब्रेकमध्ये नाही.

उपाय फुकट आहे. इशारा देणारा एकच माणूस ठेवायचा, दहा जणांनी ओरडायचं नाही. त्याने गाडीच्या मागे उभं राहायचंच नाही, ड्रायव्हरच्या बाजूला, थोडं लांब, आरशात पूर्ण दिसेल असं उभं राहायचं. हाताने इशारा करायचा, तोंडाने नाही. आणि ड्रायव्हरने एक नियम स्वतःला घालून घ्यायचा की आरशात माणूस दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे, मग तो बाजूला पाणी प्यायला गेलेला का असेना. शेतात लहान पोरं असतील तर (आणि कटाईला, वेचणीला बायकांसोबत पोरं असतातच) गाडी हलवायच्या आधी ती कुठे आहेत ते मोजून घ्यायचं आणि एका बाईला त्यांच्याजवळ थांबवायचं. त्या बाईची दहा मिनिटांची मजुरी कापू नका म्हणजे झालं.

उतार

बांधावरून रस्त्यावर चढायला जो छोटा रॅम्प केलेला असतो तिथे गाडी उभी करून माल भरणं ही आपली रोजची सवय आहे. समजा उतार दहा फुटाला एक फूट इतकाच आहे, डोळ्याला तर तो सपाटच वाटतो. दीड टनाच्या गाडीला त्या उतारावर खाली ओढणारं बळ जवळजवळ १५० किलोचं असतं. हँडब्रेक जुना, केबल ढिली, आणि भरणारे प्रत्येक घडाबरोबर गाडीला धक्का देतायत. गाडी सुटली की जवळचा माणूस काय करतो, तर धावत जाऊन दोन्ही हातांनी तिला अडवतो. हे अगदी आपसूक होतं, मालकाचं नुकसान नको म्हणून होतं, आणि यातच माणसं दबतात. १५० किलोची ओढ एक माणूस थांबवू शकत नाही आणि दोन माणसंही नाहीत, त्यात गाडी एकदा चालायला लागली की मग विषयच संपला. सुटलेली गाडी जाऊ द्यायची. गाडीचा पत्रा ठोकून सरळ होतो.

सुटूच नये म्हणून हँडब्रेक लावायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, चावी काढून खिशात घालायची आणि चाकाला उताराच्या बाजूने लाकडी ठोकळा लावायचा. दगडही चालतो पण गोल दगड नको, तो घरंगळतो. ठोकळ्याला दोरी बांधून ठेवली तर काढताना चाकाजवळ हात न्यावा लागत नाही. सुताराकडे असे दोन ठोकळे एका चहाच्या वेळात होतात.

उलटणं

उलटण्यामागचं गणित एकदा समजलं की सगळ्या गाड्यांना तेच लागू होतं. कुठल्याही वस्तूचं सगळं वजन जणू एका बिंदूत गोळा झालेलं असतं. तो बिंदू चाकांच्या मधल्या जागेवर असेपर्यंत गाडी उभी राहते, त्या जागेच्या बाहेर गेला की पडते. बिंदू जितका उंच तितका तो लवकर बाहेर जातो. कापूस हलका असतो म्हणून लोक पिकअपवर केबिनच्या दुप्पट उंच भरतात, पण हलका असला तरी उंच आहे, आणि त्याच्यावर चार माणसं बसली की ती माणसं म्हणजे सगळ्यात वर ठेवलेलं अडीचशे किलो वजन. वळणावर गाडीला बाहेर फेकणारं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे २० च्या ऐवजी ४० च्या स्पीडने तेच वळण घेतलं तर बळ दुप्पट होत नाही, चौपट होतं.

लोडिंग रिक्षा ही तर तिपाईच आहे. पुढे एक पाय, मागे दोन. तिपाईच्या कोपऱ्यावर कुणी टेकलं की जे होतं तेच रिक्षाचं वळणावर ब्रेक मारल्यावर होतं, वजन पुढे आणि बाजूला सरकतं आणि तिथे खाली चाकच नसतं. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. आता गंमत बघा, फोर्कलिफ्टला चार चाकं दिसतात पण तोल तिचाही त्रिकोणावरच असतो, कारण मागचा एक्सल मधोमध एका जागी टेकलेला असतो. माल वर उचलून वळवली की ती आडवी होते. आणि ती आडवी होताना ऑपरेटर उडी मारायला जातो, तेव्हा वरची छताची चौकट त्याच्यावरच येते. सीटबेल्ट लावलेला असेल तर स्टिअरिंग घट्ट धरून, पाय आत दाबून, गाडी पडतेय त्याच्या उलट बाजूला झुकून बसून राहायचं, हे जगभर शिकवतात. फोर्कलिफ्टचं अजून एक, ती मागच्या चाकांनी वळते त्यामुळे वळताना तिची मागची बाजू झपकन बाहेर येते आणि बाजूने चाललेला माणूस भिंतीला दाबला जातो. रुईची एक गाठ १७० किलोची असते, तिच्या मागे ऑपरेटरला पुढचं काही दिसत नसतं, तेव्हा पुढून मागून दोन्हीकडून लांब राहिलेलं बरं. फोर्कवर माणूस उभा करून वरचा बल्ब बदलायला लावणं हा प्रकार सुपरवायझरने सांगितला तरी करू नका.

फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक रात्री उलटला, तो धुळ्याकडून रावेरकडे निघाला होता आणि मालासोबत मजूर होते. किमान १५ माणसं गेली, बहुतेक रावेर तालुक्यातली, बायका होत्या, लहान लेकरं होती. तो ट्रक मोठा होता, पण दिवसभर माल भरायचा आणि मग त्याच मालासोबत रात्री घरी यायचं ही रीत आपल्या पिकअपवर, ट्रॉलीवर रोज चालते. उलटल्यावर माणूस नुसता पडत नाही, त्याच्यावर तो माल पडतो. मजुरांसाठी वेगळी गाडी करायला व्यापाऱ्याला, मुकादमाला किती खर्च येतो हे मला कळतं, आणि तरीही मी म्हणतो की तो खर्च मालाच्या भावात धरला पाहिजे. केळीच्या बॉक्सचा, पट्टीचा, दलालीचा खर्च धरतोच ना आपण?

ट्रॅक्टर

ट्रॅक्टर हा वेगळाच विषय आहे, कारण त्यात चार धोके एकत्र असतात.

चिखलात अडकलेली भरलेली ट्रॉली ओढताना ड्रायव्हर क्लच झटकन सोडतो, मागची चाकं जागेवर रुतलेली असतात, मग इंजिन चाकं फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरवतं आणि पुढची चाकं हवेत येतात. तिथून पूर्ण मागे पलटी व्हायला दीड सेकंदाच्या आसपास लागतो, आणि त्यातल्या अर्ध्याच वेळात परत फिरायची संधी संपलेली असते. ओढायची साखळी किंवा दोर नेहमी खालच्या ड्रॉबारलाच (ओढण्यासाठीच्या पट्टीलाच) लावायचा, वर एक्सलला किंवा सीटच्या मागे कुठेतरी लावला तर हे हमखास होतं. अडकली तर आधी ट्रॉली खाली करा. वेळ जातो, मान्य आहे.

दुसरं म्हणजे ब्रेक. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे पेडल असतात, शेतात एका चाकावर जागच्या जागी वळता यावं म्हणून. रोडवर यायच्या आधी त्या दोन पेडलना जोडणारी पट्टी लावायची असते. ती लावायची राहिली आणि रोडवर घाईत एकाच पेडलवर पाय पडला की ट्रॅक्टर सरळ आडवा होतो. ट्रॉलीला बऱ्याचदा स्वतःचा ब्रेक नसतो, त्यामुळे उतारावर ती मागून ढकलत राहते आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल केलेला ट्रॅक्टर तिच्यापुढे टिकत नाही. तोरणमाळच्या, चांदसैलीच्या घाटाकडच्या ड्रायव्हरांना हे सांगायची गरज नाही, सपाटीवरून पहिल्यांदा तिकडे जाणाऱ्याला आहे.

तिसरं, मडगार्डवर बसणं. सीट एकच असते आणि बाकीचे दोघं चाकाच्या वर बसलेले, खड्डा आला की पडायची जागा म्हणजे मागचं चाक आणि त्याच्यामागे ट्रॉलीचं चाक.

आणि पीटीओ. ट्रॅक्टरच्या मागचा फिरणारा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडीचा पदर, ओढणी, गळ्यातला रुमाल त्यात अडकला की सेकंदाला जवळपास दोन मीटर कापड गुंडाळलं जातं, सोडवायला हात नेईपर्यंत हातही आत. दांड्यावर प्लास्टिकचं कव्हर येतं, ते तुटलं की कुणी परत लावत नाही. परत लावा. चालू दांड्यावरून ओलांडून जायचं नाही, आणि थ्रेशरजवळ बायकांनी पदर खोचून त्यावर शर्ट घालायचा, ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि ती एकदम बरोबर आहे.

बोटांबद्दल थोडक्यात. फाळका उघडताना एकट्याने दोन्ही कड्या काढायच्या नाहीत, आत सरकलेला माल फाळक्यावर रेटलेला असतो आणि तो सगळा अंगावर येतो. आणि अंगठी. गाडीवरून खाली उडी मारताना अंगठी हौद्याच्या हुकात अडकते, माणूस खाली येतो आणि बोट वरच राहतं, किंवा कातडं मोज्यासारखं सोलून निघतं. भरायला चढायच्या आधी अंगठी काढून पाकिटात, आणि उतरताना तोंड गाडीकडे करून पाय टेकवत उतरायचं, उडी नाही.

झाल्यावर पहिला तास

१०८ ला फोन. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून हाताने दाबून धरायचं, सारखं उघडून बघायचं नाही. वरून पडलेल्या माणसाला बसवायचं नाही, दोन्ही बाजूंनी धरून रिक्षात कोंबायचं नाही, मणक्याला मार असेल तर त्यानेच पाय कायमचे जातात. तोंडात पाणी, चहा काही नाही, ऑपरेशन लागू शकतं. बोट तुटून पडलं असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. थेट बर्फावर ठेवलं तर ते जोडता येत नाही.

आणि ज्याला गाडीने भिंतीला किंवा ढिगाला दाबलं तो उठून उभा राहिला, "काही नही होत, बरा आहे मी" म्हणाला तरी त्याला दवाखान्यात न्या. कमरेच्या हाडात किंवा पोटात आत रक्त वाहत असतं आणि बाहेर ओरखडाही नसतो. चेहरा पांढरा पडणं, थंड घाम, सारखी तहान, पोट कडक होणं, ही लक्षणं दिसली तर जवळच्या छोट्या दवाखान्यात सलाईन लावत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे. अपघात रोडवर झाला असेल तर २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, नोंदणीकृत हॉस्पिटलमध्ये सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच गरीब माणूस मारला जातो. दवाखान्यात केसपेपर लिहिताना विचारतात, काय झालं? मालक किंवा मुकादम सोबत असतो, तो हळूच सांगतो, "घरी पडला म्हणून सांग, पोलिसांचं लफडं नको, खर्च मी करतो." पहिले दोन दिवस तो खर्च करतोही. नंतर फोन उचलत नाही, आणि केसपेपरवर तर घरी पडला असंच लिहिलेलं असतं. भरपाईच्या केसमध्ये तो पहिला केसपेपर सगळ्यात मोठा पुरावा असतो. म्हणून खरं तेच सांगायचं, कुठे, कुणाच्या कामावर, कोणत्या गाडीने, नंबर काय. त्याच दिवशी गाडीचा, जागेचा फोटो काढायचा, पोलिसात नोंद करायची, पंचनाम्याची कॉपी घ्यायची. आणि आपण त्याच्याकडे कामाला होतो याचा पुरावा जपायचा, फोनपेवर आलेली मजुरी, मुकादमाचा "उद्या पाच वाजता ये" असा व्हॉट्सॲप मेसेज, हजेरीच्या पानाचा फोटो, काहीही चालतं.

पैसे कुठून आणि किती

कामावर दुखापत झाली तर भरपाई द्यायची जबाबदारी मालकाची, हा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामील झाला, पण मूळ हिशोब तोच राहिला. कामावर मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. ३० वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८ आहे. पगार १२ हजार असेल तर ६,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १२ लाख ४७ हजार ८८० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर अर्ध्याऐवजी ६० टक्के, म्हणजे याच माणसाला १४ लाख ९७ हजार ४५६. एखादा अवयव गेला तर त्याची टक्केवारी ठरलेली आहे, अंगठा गेला तर कमाईची ३० टक्के क्षमता गेली असं धरतात, म्हणजे याच माणसाला साडेचार लाखाच्या जवळपास. आता आठवून बघा, गावात अंगठा गेलेल्या माणसाला किती दिले होते? वीस हजार आणि एक धान्याचं पोतं? तात्पुरतं घरी बसावं लागलं तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, आणि उपचाराचा खरा झालेला खर्च वेगळा.

"चूक त्याचीच होती" हे मालकाचं उत्तर इथे चालत नाही. मजुराचं लक्ष नव्हतं, पाय घसरला, घाई केली, यातल्या कशानेही हक्क जात नाही. दारूच्या नशेत असेल किंवा सांगूनही मुद्दाम सुरक्षेचा नियम मोडला असेल तर मालक बचाव करू शकतो, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तोही बचाव चालत नाही. "माझा मजूर नाही, मुकादमाचा आहे" हेसुद्धा चालत नाही, काम जर मालकाच्या धंद्याचाच भाग असेल तर मुख्य मालकाकडून मागता येतं, त्याने नंतर मुकादमाकडून वसूल करावं. गाडी भरणं-उतरवणं आणि ट्रॅक्टरने चालणारी शेती, दोन्ही कामं या कायद्यात आधीपासून येतात. नव्या संहितेत घरून कामावर जातानाचा-येतानाचा अपघातही धरलाय, कामाशी संबंध दाखवता आला पाहिजे. अर्जाची मुदत दोन वर्षं. एक महिन्यात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळलं तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. एमआयडीसीत ज्यांचं ईएसआय (कामगार राज्य विमा) पगारातून कापलं जातं त्यांना मालकाऐवजी ईएसआयकडून मिळतं, दुखापतीने घरी असेपर्यंत पगाराच्या ९० टक्के, त्यामुळे आपलं कार्ड चालू आहे का हे आजच बघून घ्या.

दुसरा रस्ता मोटार अपघात दाव्याचा. गाडीमुळे अपघात झाला तर तिच्या विम्यातून मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागता येते, रक्कम कधी कधी जास्त निघते, पण तिथे अर्ज सहा महिन्यांत करावा लागतो. दोन्हीपैकी एकच निवडता येतं, म्हणून सही करायच्या आधी वकिलाला विचारा कुठलं फायद्याचं. लायसन्सबद्दल एक भीती असते की ड्रायव्हरकडे साधं कारचं लायसन्स आहे, मग छोट्या हत्तीचा विमा लागेल का? नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगून टाकलंय की एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) लायसन्सवर साडेसात टनाखालची मालवाहू गाडी चालवता येते, विमा कंपनी तेवढ्या कारणाने नाही म्हणू शकत नाही. मडगार्डवर बसलेल्याची गोष्ट मात्र अवघड आहे, आरसी बुकात सीट एकच असते आणि विमा कंपनी हात वर करते.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून केस करत नाही असं सातपुड्याकडचे बरेच जण म्हणतात. जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबांना, विधवा बाईला, सगळ्यांना हा हक्क आहे. जातीचा दाखला आणि आधार घेऊन जायचं.

राहिल्या सरकारी योजना. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला २ लाख मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, पण ती सातबारा असलेल्या शेतकरी कुटुंबासाठी आहे, भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. म्हणजे एकाच ट्रॉलीवरून मालक आणि मजूर दोघं पडले तर योजना एकालाच आहे, आणि हे बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मजुराला आज जे घेता येतं ते म्हणजे बँकेतला प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख. मालकाकडून मिळणाऱ्या भरपाईशी याचा काही संबंध नाही, दोन्ही मिळतात. फक्त बँकेत एकदा फॉर्म भरावा लागतो, आणि विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं म्हणून मे महिन्याच्या शेवटी खात्यात ते वीस रुपये शिल्लक असले पाहिजेत, नाहीतर पॉलिसी गुपचूप बंद पडते आणि घरच्यांना ते क्लेम करायला गेल्यावरच कळतं. मुकादम लोकांनी आपल्या टोळीतल्या सगळ्यांची पासबुकं एका दिवशी गोळा करून हे काम करून टाकावं, आणि वारसाच्या रकान्यात बायकोचं नाव आधारवर आहे तसंच लिहिलंय ना हे त्याच वेळी तपासून घ्यावं.